पडद्यावरचा बाण आणि मराठी क्रियापद

संगणकाच्या पडद्यावर जे घडते ते जसेच्या तसे टिपायचे आणि त्याला बोलणाऱ्याच्या आवाजाची जोड द्यायची, या प्रकाराला ‘स्क्रीनकास्ट’ म्हणतात. शब्द फार जुना नाही. जॉन उडेल या अमेरिकी लेखकाने २००४ साली आपल्या वाचकांकडून या प्रकारासाठी नावे मागवली आणि आलेल्या सूचनांतून हे नाव निवडले. आपल्या शिक्षकांच्या बोलण्यात मात्र ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ हाच शब्द रुळला आहे आणि तो समजायला सोपाही आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तर तो घरोघरी पोहोचला. ज्या शिक्षकांनी तोवर ध्वनिमुद्रणाच्या वाटेला कधी जायचे कारण नव्हते, त्यांनी रात्री जागून पाठ टिपले आणि सकाळी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवले.

त्या दिवसांतल्या बहुतेक पाठांबद्दल आज काही बोलणे अन्यायाचे होईल. ती आणीबाणी होती. पण सवय मात्र त्या दिवसांतली टिकून राहिली. मजकुराने गच्च भरलेली स्लाइड पडद्यावर आणायची आणि ती वाचून दाखवायची, असे पाठ आजही पाठवले जातात. फळ्यावर धडा उतरवून काढून मग तो वाचून दाखवणारा शिक्षक वर्गात कुणाला आवडला असता? तंत्रविषयक सादरीकरण टिपून ठेवणे ही एक वेगळी कला आहे आणि तिची पारख करायची असेल तर चांगला नमुना समोर हवा. असा नमुना आपल्याकडे आहे, तो मराठीतही आहे आणि पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे उभा राहिलेला आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा तो प्रकल्प. या लेखात आम्ही त्याच्या मराठी पाठांचे परीक्षण करणार आहोत. कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या मुलांबरोबर बसून हे पाठ पाहिले तर काय दिसते, एवढ्यापुरतीच आमची दृष्टी मर्यादित आहे.

प्रकल्पाची थोडी ओळख आधी करून देतो. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. केंद्र सरकारने २००९ साली माहिती-संपर्क तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली होती, तिचे अर्थसाहाय्य त्याला मिळाले. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन, लॅटेक्स अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तेथे तयार झाले. मूळ पाठ इंग्रजीत आणि मग त्याच चित्रावर भारतीय भाषांतला आवाज चढवायचा, अशी त्याची रीत. (प्रकल्पाच्या भाषांच्या यादीत कन्नड भाषाही आहे. आमच्या गावात ती यादी मोठ्याने वाचली की मुले हटकून हसतात आणि आपल्या गावाची वेगळी भाषा कधी झाली म्हणून विचारतात.)

या पाठांत शिकवणाऱ्याचा चेहरा कधीच दिसत नाही. पडदा, त्यावर फिरणारा बाण आणि एक संथ आवाज. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कोरडे वाटते. आम्हालाही पहिल्या दोन-तीन पाठांत तसेच वाटले. पण पाठ पाहायचा कसा, हे प्रकल्पाने स्पष्ट सांगितले आहे: अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर ते सॉफ्टवेअर. पाठात जे केले जाईल ते लगेच थांबवून आपण करायचे. म्हणजे हे पाहण्यासाठी केलेले चित्र नाही, हे बरोबरीने हात चालवण्यासाठी केलेले आहे. गवंड्याच्या हाताखाली बिगारी शिकतो त्या रीतीला हे अधिक जवळचे आहे. अशा वेळी शिकवणाऱ्याचा चेहरा कोपऱ्यात हलत राहिला तर तो डोळ्यांना फक्त भुलवतो. चेहरा गाळण्याचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

त्याचा दुसरा लाभ भौतिकाचा आहे आणि तो विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालण्याजोगा आहे. पडदा आडवा १२८० आणि उभा ७२० ठिपक्यांचा धरा. म्हणजे ९,२१,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे २७.६ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे म्हणजे ६.९ कोटी बाइट, आणि दहा मिनिटांच्या पाठाला सुमारे ४१ अब्ज बाइट, म्हणजे ४१ जीबी. प्रत्यक्षात असा पाठ काही दहा एमबीत मावतो. हे कसे? संकेतन करणारे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवते आणि मधल्या चित्रांसाठी मागच्या-पुढच्या चित्रांपेक्षा काय बदलले एवढेच नोंदवते. लिबरऑफिसच्या पडद्यावर बाण दोन इंच सरकला तर बदल तेवढाच. याउलट चेहरा, हलणारे केस, पाठीमागची खिडकी यांत प्रत्येक क्षणी सगळेच थोडे थोडे बदलते. रेंज मिळवण्यासाठी गच्चीवर जावे लागणाऱ्या वस्तीवरच्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

प्रकल्पाची खरी कमाई मात्र पडद्यामागची आहे. पाठ टिपण्याआधी त्याची पटकथा लिहिली जाते. दोन रकान्यांचा तक्ता असतो: डावीकडे पडद्यावर काय करायचे, उजवीकडे काय बोलायचे. ही पटकथा मग त्या विषयातल्या नवख्या माणसाला देतात. त्याने नुसती वाचून सगळ्या कृती स्वतः करून पाहायच्या. जिथे तो अडेल तिथे लेखकाने मजकूर सुधारायचा. नवख्याच्या हातून गेल्याशिवाय पाठ ध्वनिमुद्रणाला जात नाही. आपल्या किती पाठ्यपुस्तकांतले प्रयोग, छापण्यापूर्वी, प्रयोगशाळा कधी न पाहिलेल्या मुलाकडून करून घेतले जातात? शिक्षकांनी या प्रकल्पातून दुसरे काही घेतले नाही आणि एवढेच घेतले तरी पुष्कळ झाले.

पाठाच्या आरंभी कोणती कार्यप्रणाली, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, हेही सांगितले जाते. प्रयोगवहीत ‘साहित्य’ लिहितो तसेच हे. लिबरऑफिस रायटरच्या जुन्या पाठांत उबुंटू लिनक्स १०.०४ आणि लिबरऑफिस ३.३.४ असा उल्लेख ऐकू येतो. तो ऐकल्यावर पाठाचे वयही लगेच कळते. २०२४ पासून लिबरऑफिसच्या आवृत्त्यांना सालाप्रमाणे क्रमांक देतात, पहिली २४.२ होती. चौदा वर्षांत चिन्हांच्या पट्ट्या बदलल्या, काही आज्ञा दुसऱ्या मेनूत गेल्या. पाठातला बाण जिथे जातो तिथे आज मुलाला ते चिन्ह सापडत नाही. हा दोष कुणा एकाचा नाही. स्क्रीनकास्ट या प्रकाराचाच तो स्वभाव आहे. पुस्तकातले वाक्य दुरुस्त करता येते, पण टिपलेला पडदा पुन्हाच टिपावा लागतो. शिवाय मूळ पाठ बदलला की त्याच्यावर चढवलेल्या सगळ्या भाषांचे आवाज शिळे होतात.

आता आमच्या मुख्य आक्षेपाकडे येतो. वरवर तो व्याकरणातला वाटेल, पण शिकणाऱ्याच्या हाताशी त्याचा थेट संबंध आहे.

इंग्रजीत आज्ञा देताना क्रियापद आधी येते. मराठीत ते शेवटी येते. ‘उत्तर पाहण्यासाठी एन्टर दाबा’ हे साधे मराठी वाक्य घ्या. इंग्रजी बोलणारा बहुधा आधी ‘एन्टर दाबा’ म्हणेल आणि मग ‘उत्तर पाहण्यासाठी’. पाठ टिपणाऱ्याचा हात आपल्या बोलण्याबरोबर चालतो. तोंडातून ‘दाबा’चा इंग्रजी शब्द निघाला की बोट कळीवर जाते आणि वाक्य संपेपर्यंत पडद्यावर उत्तर आलेले असते. इंग्रजी ऐकणाऱ्याला हे नैसर्गिक वाटते: कृती ऐकली, कृती पाहिली, कारण ऐकले, परिणाम पाहिला. आता याच चित्रावर मराठी आवाज चढवा. मूल ऐकते ‘उत्तर पाहण्यासाठी’ आणि तेवढ्यात उत्तर पडद्यावर येऊन बसते. नंतर आवाज म्हणतो, ‘एन्टर दाबा’. कळ दाबली गेली ती आवाजाच्या आधी. कळफलक तर पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे उत्तर कशाने आले हे त्या अर्ध्या क्षणात मुलाला कळत नाही. परिणाम आधी आणि कारण मागून, अशी उलटापालट होते.

मेनूच्या बाबतीत दुसरीच गोष्ट घडते. ‘फाइल मेनूमधील सेव्ह अॅजवर क्लिक करा.’ मराठीत आधी जागा, मग त्या जागेतली जागा, शेवटी कृती. खरे म्हणजे पडद्यावर काम करण्यासाठी हा क्रम इंग्रजीपेक्षा सरस आहे. डोळा आधी फाइलवर जातो, तिथून सेव्ह अॅजवर उतरतो आणि ‘क्लिक करा’ ऐकू येईपर्यंत हात तयार असतो. इंग्रजीत ‘क्लिक’ आधीच सांगून झालेले असते आणि जागा मागून कळते. जागा सांगतानाही तिथे पुष्कळदा आतली आधी आणि बाहेरची नंतर येते. म्हणजे मराठी पाठ मुळातून मराठीत टिपला असता तर भाषेनेच त्याला मदत केली असती. इंग्रजीच्या ठेक्यावर हललेल्या बाणामागे मराठी आवाज धावला की हा फायदा हातचा जातो.

हे आम्ही तर्काने मांडले असले तरी त्याचा मागोवा डोळ्यांनीही घेतला. नववीच्या काही मुलांना रायटरवरचे मराठी पाठ बरोबरीने करायला दिले आणि ती कुठे थांबतात, कुठे मागे जातात, ते बाजूला बसून टिपले. कठीण कल्पनेपाशी मुले थांबतात ते अपेक्षितच होते. पण पुष्कळदा ती अगदी सोप्या जागी मागे जात होती, आणि त्या जागा पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी बाण आवाजाच्या पुढे किंवा मागे होता. एक मुलगी तर आवाज बंद करून तुकडा पुन्हा पाही आणि मग आवाज लावून तिसऱ्यांदा ऐके. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, दोन्ही एकदम येत नाही ना.” मूठभर मुलांवरून सिद्धान्त काढता येत नाही हे आम्ही जाणतो. पण कोणत्याही शिक्षकाला ही तपासणी आपल्या शाळेत करता येईल. एक संगणक आणि एक वही पुरते.

मूळ पटकथेला नवख्याच्या चाचणीतून जावे लागते, हे वर सांगितलेच. पण तो नवखा मूळ पटकथेच्या भाषेतला असतो. मराठी अनुवादकाला मात्र वेळांचा तक्ता मिळतो: अमुक सेकंदाला अमुक वाक्य. त्या चौकटीत वाक्य बसवताना तो कधी ते आखडतो, कधी इंग्रजीचाच क्रम मराठीत आणतो. मग ‘एन्टर दाबा, उत्तर पाहण्यासाठी’ अशा घडणीची वाक्ये तयार होतात. हातापुरती सोय होते, पण कानाला ती परकी वाटतात. अनुवादकाला येथे दोन वाईटांतून एक निवडावे लागते, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

प्रकल्पाने हे का स्वीकारले तेही समजून घ्यायला हवे. एकच चित्र ठेवून बावीस भाषांचे आवाज चढवायचे तर दर भाषेमागे एक अनुवादक आणि एक माइक लागतो. प्रत्येक भाषेत चित्र नव्याने टिपायचे तर ते सॉफ्टवेअर जाणणारा, शिकवता येणारा आणि त्या भाषेत सहज बोलणारा माणूस प्रत्येक पाठाला हवा. तशी माणसे मिळेपर्यंत थांबले असते तर मराठीत आज काहीच नसते. पसरण्याची ही किंमत होती आणि ती विचारपूर्वक दिली गेली. आमचे म्हणणे एवढेच की ती दिली गेली आहे हे आपण विसरू नये, आणि मराठी आवाज म्हणजे मराठी पाठ असे धरून चालू नये.

दुसरा आक्षेप पडद्यावरच्या लिपीचा. आवाज मराठी, पण स्लाइडवरचा मजकूर इंग्रजी, नमुन्यादाखल टाइप केलेली वाक्ये इंग्रजी, नावे इंग्रजी. मेनूतले शब्द इंग्रजी ठेवले हे बरोबर आहे, कारण मुलाला आपल्या पडद्यावर तेच शोधायचे असतात. ‘सेव्ह’ला भलता प्रतिशब्द देऊन काही साधत नाही. लिबरऑफिसचे मेनू मराठीतही करून घेता येतात. पण शाळेच्या आणि सायबर कॅफेच्या संगणकावर ते इंग्रजीत असतील तर मराठी मेनूवर घेतलेला पाठ मुलाला तिथे उपयोगी पडणार नाही. मात्र रायटरमध्ये लिहायचा मजकूर मराठी का नसावा? मराठी मुलाला रायटरचे पहिले काम पडते ते अर्ज किंवा निबंध लिहिण्याचे. देवनागरी कळफलक कसा घ्यायचा, जोडाक्षर कसे येते, रफार कुठे बसतो, हीच त्याची पहिली अडचण असते. इंग्रजी चित्रावर चढवलेल्या पाठात तिला जागाच नाही.

येथे आमच्या परिसरातली एक गोष्ट आठवते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव तालुक्यात गेले की पाटणादेवीचे देऊळ लागते. तिथला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा हा लेख. त्यात विद्येचा, ग्रंथांचा आणि घराण्याचा भाग संस्कृतात आहे. मठाला कुणी काय द्यायचे हा व्यवहाराचा तपशील मात्र मराठीत आहे. आठशे वर्षांनंतर पडद्यावर शास्त्राची लिपी एक आणि समजुतीचा आवाज दुसरा, ही वाटणी पाहिली की तो लेख डोळ्यांसमोर येतो.

तिसरा आक्षेप लहान आहे. पाठाच्या सुरुवातीला ‘आपण काय शिकणार’ याची आणि शेवटी ‘आपण काय शिकलो’ याची स्लाइड येते आणि ती शब्दशः वाचली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि आवाज यांतून होणाऱ्या शिक्षणाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्याचा एक निष्कर्ष असा की चित्र समोर असताना बोललेलेच शब्द पडद्यावर छापले तर शिकणे सुधारत नाही, उलट बिघडते. डोळा वाचू लागतो, वाचण्याचा आणि ऐकण्याचा वेग जुळत नाही. आरंभ-अखेरच्या या स्लाइडवर दुसरे चित्र नसते, त्यामुळे हानी थोडी. पण दहा मिनिटांच्या पाठात श्रेयनामावलीसह हा विधी बराच वेळ खातो. मुलांना तो पुढे सारायची सवय लागली आहे आणि त्या घाईत आवृत्तीचा उल्लेखही निसटतो.

इतके आक्षेप घेऊनही आम्ही हे पाठ शाळेत लावतो, आणि लावावेत असेच सांगू. कारण प्रकल्पाच्या हातून जे राहिले ते पुरे करण्याची मुभा त्याने स्वतःच दिली आहे. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने मोठा घोळ घातला आहे. त्याचा अर्थ फुकटही होतो आणि स्वतंत्रही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून त्यांना हा घोळ निस्तरावा लागला. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपली या कटकटीतून सुटका झाली आहे. पडदा टिपणारी मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ मिळतात. काही पाठाच्या कोपऱ्यात आपला शिक्का उमटवतात, काही ठरावीक मिनिटांनंतर पैसे मागतात. मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते, आतून अभ्यासता येते, वाटता येते आणि बदलून पुन्हा वाटता येते. स्पोकन ट्युटोरियलचे पाठही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशाच परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, बदल केला असेल तर तसे सांगा आणि बदललेला पाठ त्याच अटींवर इतरांना द्या, एवढ्या अटी पाळून कुणीही शिक्षक त्यात कात्री चालवू शकतो.

म्हणजे आवाजामागे धावणारा बाण थांबवता येतो. केडेनलाइव्ह हे चित्रफितीचे संपादन करणारे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. एन्टर दाबण्याच्या क्षणाआधी पाठ कापा, त्या क्षणाचे चित्र स्थिर चित्र म्हणून काढून मध्ये दोन-तीन सेकंद बसवा. आता ‘उत्तर पाहण्यासाठी एन्टर दाबा’ हे पूर्ण वाक्य स्थिर पडद्यावर ऐकू येते आणि मग उत्तर उगवते. आवाज नव्याने भरायचा असेल तर मराठीच्या क्रमाने बिनधास्त बोला, चित्र त्याच्या मागे ओढून घ्या. आम्ही एका पाठावर हे करून पाहिले. दहा मिनिटांचा पाठ सुमारे बारा मिनिटांचा झाला आणि एवढ्या कामाला दोन संध्याकाळी लागल्या. श्रम आहेत, पण पटकथा, तपासणी आणि चित्र तयार मिळते हे ध्यानात घेतले तर ते फार नाहीत.

नवा पाठ मुळापासून टिपायचा असेल तर ओबीएस स्टुडिओ आज सर्वांत सोयीचे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. लिनक्सवर पूर्वी रेकॉर्डमायडेस्कटॉप वापरात होते. पण ते ज्या जुन्या चित्रप्रणालीवर अवलंबून होते तिची जागा आता पुष्कळ ठिकाणी वेलँडने घेतली आहे आणि तिथे त्याचा उपयोग नाही. ओबीएसमध्ये फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका टिपण संपल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर ती लिहिलीच जात नाही आणि सगळा पाठ उघडेनासा होतो. एमकेव्ही फाइल तुटली तरी तोवरचा भाग शाबूत राहतो. नंतर ओबीएसमधूनच तिचे एमपी४ करून मुलांना पाठवता येते. आमच्या तालुक्यात विजेचा लपंडाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना या एका सूचनेचे मोल वेगळे सांगायला नको.

रंगांबद्दल एक इशारा. जागा वाचवण्यासाठी चित्रफितीत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, पण रंगाची माहिती बहुधा चार ठिपक्यांना मिळून एकच. माणसाच्या डोळ्याला रंगाचे बारकावे कमी कळतात, त्यामुळे छायाचित्रात हे खपून जाते. पण निळ्यावर लाल अक्षरे लिहिली तर त्यांच्या कडा पुसट होतात आणि देवनागरीतल्या अनुस्वाराचा आणि उकाराचा तर पत्ताच लागत नाही. पांढऱ्यावर काळे, आणि अक्षर मोठे. पाठ मोबाइलच्या पडद्यावर पाहिला जाणार आहे हे विसरू नये. एक टाइप या मुंबईच्या गटाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतो.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि पाठ पडतो तो बहुधा आवाजामुळेच. महागडा माइक घेण्याआधी तोंड आणि माइक यांतले अंतर कमी करावे. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते; माइक ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर आवाजाची तीव्रता सोळापट होते, खोलीतला पंख्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. उरलेली घरघर ऑडेसिटीने काढावी. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या आरंभी पाच सेकंद गप्प राहायचे. त्या शांततेतली नुसती घरघर निवडून नमुना म्हणून दिली की सॉफ्टवेअर ध्वनीचे वारंवारतेनुसार पट्टे पाडते आणि ज्या पट्ट्यात घरघरीपेक्षा मोठे काही नाही तो दाबून टाकते. पंखा सतत एकाच सुरात वाजतो म्हणून हे साधते. घाटाकडे जाणाऱ्या ट्रकच्या भोंग्यावर याची मात्रा चालत नाही; तिथे वाक्य पुन्हा म्हणणे हाच उपाय.

पटकथेचा तक्ता मात्र सोडू नये, आणि त्यात आम्ही सुचवू तो बदल एकच. डाव्या रकान्यात ‘एन्टर दाबणे’ लिहिताना उजवीकडच्या वाक्यातल्या कोणत्या शब्दाशी बोट कळीवर जाईल त्या शब्दाखाली रेघ मारावी. मराठीत ती रेघ जवळजवळ नेहमी शेवटच्या शब्दाखाली येते. एवढी खूण असली की बोलणारा आणि टिपणारा वेगळा असला तरी दोघांचे जमते. मुलांकडून टिपून घ्यायचे असेल तर एकाने वाचावे, दुसऱ्याने माउस धरावा. दहावीच्या मुलांनी या रीतीने जिओजेब्रात त्रिकोणाचे परिवर्तुळ काढण्याचा सहा मिनिटांचा पाठ तयार केला. नवखा म्हणून त्यांनी आठवीतला एक मुलगा बसवला. लंबदुभाजकापाशी तो दोनदा अडला, आणि तेवढा भाग त्यांनी पुन्हा टिपला.